केसरला पहिलीत बसवले

सन १९७४, एप्रिल महिना. उन्हाळा ऐन भरात, चैत्र अर्धा सरलेला.

“...तर मग यात माझे चुकले कुठे, गुरुजी?”

मठाच्या ओसरीवर टेकण्याआधीच मी हे विचारून मोकळी झाले. खरे सांगायचे तर, विचारायला मी टेकडी चढून आलेच नव्हते. ‘तुझे काही चुकले नाही’ हे ऐकायला आले होते.

अंबादासबुवा पूर्वी आमच्या गावी मास्तर होते. मी मराठी चौथीत त्यांच्याच हाताखाली होते. पत्नी गेल्यावर ते या मठात येऊन राहिले. लोक त्यांना बुवा म्हणत. मी गुरुजीच म्हणत असे.

“बस. पहिल्यापासून सांग.”

मी सांगितले. माझी शाळा एकशिक्षकी. दिवाळीनंतर निम्मी मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जात आणि चैत्रात परतत. परतलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी वर्गापुढे उभे राहून धडा वाचायचा. अडखळला तर थेट पहिलीत बसायचे. नियम माझा होता आणि मला त्याचा अभिमान होता.

केसर तिसरीत होती. दिवाळीपूर्वी ती न थांबता धडा वाचत असे. पाच महिने उसाच्या फडावर राहून ती परतली आणि वर्गापुढे उभी राहिली. पहिली ओळ तिने एकेक अक्षर लावत वाचली. दुसऱ्या ओळीवर थांबली. मुले हसली.

“मला येत होतं, बाई,” ती म्हणाली.

मी तिला पहिलीत बसवले. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. नंतर तिचा बाप भानुदास आला.

“काय म्हणाला?” गुरुजींनी विचारले.

“‘पोरीचं नाव काढून टाका, बाई. मला वाचाया येत न्हाई म्हनती. शेरडं तरी राखील.’”

“आणि तू?”

“नियम सर्वांना सारखा, असे म्हणाले.”

गुरुजी आत गेले. जुन्या कागदांचा एक गठ्ठा घेऊन आले आणि त्यातले एक पिवळे पान त्यांनी माझ्या हाती दिले.

“वाच. मोठ्याने.”

पान मोडी लिपीतले होते. मोडीत शाळेत माझा पहिला क्रमांक होता. मी चष्मा सावरला.

“श्री... रा... राज...”

पुढे अक्षरे एकमेकांत गुंतली होती. कुठे शब्द संपतो, कळेना.

ओसरीच्या टोकाला दोघी-तिघी बायका भंडाऱ्याची ज्वारी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

“आगं बया! शाळंच्या बाईंनाच येईना की!” त्यांतली पारूबाई म्हणाली, आणि बाकीच्यांनी तोंडाला पदर लावला.

माझे कान तापले. “मला येत होते, गुरुजी,” मी म्हणाले. “सराव सुटला आहे...”



“अक्षर कसे आहे?” गुरुजींनी विचारले.

“चांगले आहे. वळणदार आहे.”

“खाली नाव बघ.”

खाली बालबोध लिपीत माझे माहेरचे नाव होते. इयत्ता चौथी.

...

“उद्या ये,” ते म्हणाले. “हेच पान वाचायचे.”

मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी डोके दुखते, असे घरी सांगितले. तिसऱ्या दिवशी काहीच सांगितले नाही. पारूबाई तिथे असेल, एवढेच मनात होते.

चौथ्या दिवशी भर दुपारी दार वाजले. चौऱ्याहत्तर वर्षांचे गुरुजी दारात उभे होते. धोतर धुळीने माखलेले, काखेत तेच पान.

“गुरुजी, तुम्ही? या उन्हात?”

“तू आली नाहीस.”

ते जमिनीवरच बसले. पान दोघांच्या मध्ये ठेवले. पहिल्या ओळीखाली बोट धरून त्यांनी ती स्वतः वाचली. दुसरीही वाचली. मला काही विचारले नाही. तिसऱ्या ओळीला माझे ओठ आपोआप हलू लागले.

पाणी पिऊन ते निघून गेले.

त्याच संध्याकाळी मी भानुदासच्या घरी गेले.

“नाव काढलं का, बाई?”

“नाही. केसरला बोलावा.”

केसर दाराआडून बाहेर येईना. तिची आई भाकरी थापता थापता म्हणाली, “ये की गं, बाई काय खात्यात का तुला?”

मी अंगणात बसले आणि पुस्तक उघडून स्वतःच वाचू लागले. धडा संपला तशी उठून आले. रोज जात राहिले. आठव्या दिवशी ती माझ्या शेजारी येऊन बसली. मे महिन्यात एकदा मी वाचत असता तिने माझे बोट पानावरून बाजूला सारले.

“थांबा बाई. फुडचं मी.”

सोमवार, १० जून १९७४. शाळा उघडली. केसर वर्गात आली. मी तिचे नाव चौथीच्या पटावर लिहिले. तिला उभे केले नाही. कोणालाच केले नाही.

दुपारी मी मठात गेले.

“केसरला वाचता येते, गुरुजी. तिला चौथीत घेतले. प्रश्न मिटला.”



“दिवाळीनंतर तिचे आईबाप कुठल्या कारखान्याला जाणार?” गुरुजींनी विचारले.

“...मी विचारले नाही.”

“विचार. आणि तिथे जायचा रस्ताही विचारून ठेव.”