सुताचा धागा आणि चार पंखे

एकदा एक शिष्य भर मे महिन्यात, डोक्यावर ऊन घेऊन, आपल्या गुरूच्या दारात येऊन उभा राहिला. गाव सोलापूर, तेव्हा ऊन किती होतं ते वेगळं सांगायला नको. शिष्याचं नाव श्रीशैल, वय एकोणतीस. गुरूचं नाव नरसप्पा, वय सत्तरीच्या पुढे. आश्रम वगैरे काही नाही हो. पंखे आणि कूलर दुरुस्त करायचं एक लहानसं दुकान. श्रीशैल कॉलेजात असताना तिथेच पहिल्यांदा झाळकाम, म्हणजे तारा डाख देऊन जोडणं, शिकला. विद्या कुठे बसून दिली यावरून गुरूची पायरी ठरवणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत, म्हणून मी नरसप्पांना गुरूच म्हणणार.

नरसप्पा पूर्वी गिरणीत होते. सूतकताईच्या खात्यातली हवा खेळती आणि दमट राखणं हे त्यांचं काम. त्या काळी गिरणीच्या भोंग्यावर अर्धं शहर चालत असे. पहिला भोंगा झाला की घरोघरी चूल पेटायची, दुसरा झाला की आम्ही पोरं दप्तर शोधायला लागायचो. खरं सांगतो, आजही पहाटे जाग आली की माझे कान त्या भोंग्याची वाट पाहतात, आणि तो होत नाही म्हणून उगीच जीव हुरहुरतो. गिरणी बंद पडली, चिमणी पाडली, जागेवर वेड्या बाभळी माजल्या. मात्र उरलेले कामगार दर वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी जमतात. गेल्या वर्षी एकेचाळीस जण होते. यंदा सव्वीस.

या सव्वीस जणांसाठी श्रीशैल एक फिल्म करत होता. त्याचे वडील सिद्रामप्पा त्याच गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. दिवाळीनंतर ते गेले. जुने फोटो आणि वडिलांनी सांगितलेल्या खाणाखुणा यांच्या आधारे पोरानं अख्खी गिरणी संगणकावर पुन्हा उभी केली होती. फिल्म तीन मिनिटांची, पण तिच्यात चार हजारांवर चित्रं, आणि एकेक चित्र संगणकानं रंगवून पुरं करायचं. हे काम त्यातल्या ग्राफिक्स कार्डाचं. ते कार्डच दर दहा मिनिटांनी तापून बंद पडत होतं, आणि शुक्रवार उजाडला होता. पुढच्या वर्षी बघायला यातलं कोण असेल, कोण नसेल, ही धास्ती त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

“अण्णा, आता तुम्हीच काहीतरी करा,” संगणकाचं खोकं टेबलावर ठेवत तो म्हणाला.

“काय केलास बे त्याला?”

“वेळ कमी होता म्हणून वेग वाढवला. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगाच्या वर पळवलं. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात त्याला. तापणार हे ठाऊक होतं, म्हणून चार पंखे बसवले. चारही बाहेरची हवा आत मारतात, थेट कार्डावर. तरी तापतंयच.”

नरसप्पांनी संगणक चालू करायला लावला. मग खिशातून सुताचा एक वीतभर धागा काढला आणि खोक्याच्या एकेका जाळीपुढे धरू लागले. मी तिथे माझा बिघडलेला टेबलफॅन घेऊन बसलो होतो, आणि जिभेला हाड नाही ही माझी जुनी खोड.

“काय नरसप्पा, दृष्ट लागली वाटतं? गंडा बांधताय काय?”

ते पुढच्या जाळीकडे वळले. प्रत्येक पंख्यापुढे धागा आत ओढला जाऊन जाळीला चिकटत होता. खोक्याला वळसा घालून झाला, पण धागा बाहेरच्या बाजूला उडाला असं एकदाही घडलं नाही. मग त्यांनी पाना-पेचकस घेतला, मागचा आणि वरचा असे दोन पंखे सोडवले आणि चक्क उलटे करून बसवले.

“अण्णा, आधीच तापतंय, त्यात अर्धं वारं काढून घेताय?” श्रीशैल कळवळून म्हणाला.

“आता वेगबी खाली घे. कंपनीनं दिलाय त्याच्यापेक्षा जरा खालीच.”

“मग झालंच! रविवारपर्यंत पुरं होणारच नाही.”

“घे म्हणलं ना.”

त्यानं वेग उतरवला, पण डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. आम्ही तिघे त्या खोक्याकडे बघत बसलो. दहा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. चहा झाला. एक तास उलटला तरी कार्ड आपलं संथपणे एकामागून एक चित्र पुरं करत होतं. श्रीशैलनं बोटांवर हिशेब केला, असं न थांबता चाललं तर रविवार गाठता येत होता, आणि पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकवली.

“गिरणीत असाच एक नवा साहेब आलता,” नरसप्पा म्हणाले. “सूत कातणाऱ्या चात्यांचा वेग वाढवला. सूत पटापट तुटाय लागलं, जोडाय माणसं पुरेनात, महिन्याचा माल उलट कमीच निघाला. त्यात म्हणे, गार हवा अजून आत सोडा. आत सोडून काय करता? शेकडो माणसं नि हजारो चात्या, त्यांची ऊब जाणार कुठनं? बाबा रे, कामाला लागलं की यंत्रबी तापतंय, माणूसबी तापतंय. त्यात काय गुन्हा नाही. आत घ्यायची सोय सगळे करतेत. बाहेर जायची वाट कोण ठेवत नाही.”

फिल्म रविवारी सकाळी पुरी झाली. संध्याकाळी नरसप्पांबरोबर मीही गेलो. सभागृहात दिवे मालवले, पडद्यावर भोंगा वाजला, आणि सव्वीसपैकी सात-आठ जण सवयीनं उठून उभेच राहिले. चिमणी आली, दरवाजा आला, चात्यांच्या रांगा आल्या. फिल्म संपल्यावर पुढच्या रांगेतल्या अंबूबाई, ज्यांनी तीस वर्षं तुटलेलं सूत जोडलं, त्या म्हणाल्या, “लेकरा, सगळं केलास की रे. पण चात्यांच्या दुसऱ्या रांगेच्या टोकाला सिद्रामप्पा उभारायचा. त्यो कुठाय?”

श्रीशैल म्हणाला, “मावशी, तीनदा बसलो करायला. नाही जमलं.”

आणि तो रडायला लागला. वडील गेल्यापासून त्याला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. दिवस-कार्य उरकल्यावर तिसऱ्याच दिवशी कामाला बसलेला पोरगा तो. सगळ्यांनी ‘काय धीराचा आहे’ म्हणून कौतुक केलं होतं, त्यात मीही होतो. आता तो हुंदके देऊन रडत होता. कुणी पाणी आणायला धावलं, कुणी म्हणालं, “अरे गप, गप, असं करू नये.”

“कोणी गप करू नका त्याला,” नरसप्पा जागेवरूनच गरजले.

सगळ्यांनी त्याला रडू दिलं. पुष्कळ वेळानं अंबूबाईच बोलू लागल्या. सिद्रामप्पा चिडले की पान कसे जोरजोरात चघळायचे ते त्यांनी करून दाखवलं, आणि श्रीशैलला रडता रडता हसू फुटलं. मग ज्याला जे आठवलं ते त्यानं सांगितलं. शेवटी फिल्म पुन्हा लावली. चात्यांची दुसरी रांग आली तेव्हा श्रीशैल स्वतः उठून पडद्यापाशी गेला, टोकाच्या मोकळ्या जागेवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “इथं. इथं उभारायचे आमचे आबा.”

तुमच्या घरात कुणी असं न बोलता, न थांबता कामाला लागलेलं असेल, तर त्याच्या धीराचं कौतुक जरा कमी करा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा.