चांगुणाचा कोंबडा आणि मद्रुगादा

एका बंदरावर चांगुणा नावाची कोळीण राहत होती. तिचा एक कोंबडा होता, भारी ऐटबाज. झुंजूमुंजू व्हायच्या आत तो आरवायचा, तेव्हा कुठे कोळीवाडा उठायचा आणि ओहोटीबरोबर होड्या समुद्रात जायच्या. आपल्यावाचून इथं कुणाचं पान हलत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. आणि ती काही अगदीच खोटी नव्हती म्हणा!

शेजारी स्पेन देशाचा एक म्हातारा खलाशी येऊन राहिला. त्याच्या खिडकीत बसणारी मैना एके दिवशी अचानक बोलली, "मद्रुगादा!"

खलाशी हरखून गेला. म्हणाला, "अहो, हा माझ्या मुलखातला शब्द! रात्र सरत आलीय, पण अजून उजाडलं नाही, त्या वेळेला आम्ही मद्रुगादा म्हणतो."

झालं! सगळा कोळीवाडा मैनेभोवती गोळा झाला. चांगुणाने तर कोंबड्याच्या वाटणीचे दाणे तिच्यापुढे टाकले. "काय गोड बोलते गं बाई!"

कोंबड्याच्या पोटात दुखायला लागलं. त्या वेळेला घसा फोडतो मी, आणि कौतुक हिचं? हिने केलं काय, तर एक शब्द बोलली! मैना नुसती दिसली तरी त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी त्याने ठरवलं, तो शब्द आपणही म्हणायचा, आणि तिच्यापेक्षा झोकात म्हणायचा.

दिवेलागणीला तो जाळ्यांच्या ढिगामागे घोकायला बसला. "मद्... कॉक! मद्रू... क्रॉक!" घसा बसला, पण हट्ट सुटेना. रात्रभर घोकून घोकून ऐन पहाटे त्याचा डोळा लागला.

जाग आली तर ऊन डोक्यावर! पाणी कधीच ओसरलं होतं आणि होड्या चिखलात रुतून बसल्या होत्या.

"मेल्या, तोंडाला कुलूप लागलं होतं का तुझ्या?" चांगुणा कडाडली. "आज पोरांच्या पानात काय वाढू?"

कोंबड्याने मान खाली घातली. तेवढ्यात मैना जवळ आली.

"दादा, मला तो शब्द कुणी शिकवला नाही रे. तू आरवलास की म्हातारा खिडकीत यायचा, डोळे मिटायचा आणि 'मद्रुगादा' म्हणायचा. ऐकून ऐकून माझ्या तोंडात बसला. आज तू आरवला नाहीस, तर तो खिडकीत आलाच नाही."

कोंबड्याला आता कुठे उमगलं. इतके दिवस ज्या शब्दापायी तो जळत होता, तो शब्द म्हणजे त्याच्याच आरवण्याला मिळालेली दाद होती.

तात्पर्य: दुसऱ्याच्या कौतुकाने जळणारा आपलं काम विसरतो, आणि त्या कौतुकात आपलाही वाटा होता हे त्याला फार उशिरा कळतं.