चुन्याचा पट्टा आणि धनेशाची ढोली

एका राखीव जंगलात, जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याचे एक जोडपे राहत असे. मुलांनो, धनेशाची रीत निराळी. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते, चिखलाने दार लिंपून घेते आणि चोच मावेल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसे झडतात. नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. नर बाहेरून उंबरे आणून भरवतो. कुणाला हा तुरुंग वाटेल. त्याने एकदा अंडी सांभाळून दाखवावीत.

त्या वर्षी वनरक्षक मजूर घेऊन आला. जंगलात सुबाभूळ माजली होती, तिच्याखाली गवताचे पातेही उगवत नव्हते. आधी एक मजूर चुन्याची बादली घेऊन फिरला आणि काही झाडांना पांढरा पट्टा मारून गेला. बेहड्यालाही पट्टा बसला. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी चालू लागल्या, आणि एक कावळा शेजारच्या फांदीवर येऊन टेकला.

"दादा, माणसं खूण करतात ती तोडायलाच," तो म्हणाला. "वहिनींना आजच बाहेर काढा. मला मेल्याला काय त्याचं, पण राहवलं नाही म्हणून सांगतो."

नर आधीच संशयी. पाचोळा वाजला तरी मान वाकडी करून बघणारा. कुऱ्हाडवाल्यांवर त्याची पहिल्यापासून नजर होती. कावळ्याकडे मात्र त्याने एकदाही नीट पाहिले नाही. तो सरळ चोचीने दार फोडू लागला.

"अहो, काय चालवलंय?" आतून मादी ओरडली.

"आपल्या झाडाला पट्टा मारलाय, पाडणार आहेत. बाहेर ये."

"येऊ कशानं? पंखांत पिसं आहेत का माझ्या? पट्टा मारलेलं एक तरी झाड पडलेलं पाहिलंत?"

"पाहिलं नाही. पण कावळा म्हणतो..."

"त्याला आपल्या संसाराची काळजी कधीपासून लागली? जा, आधी बघून या."

नर उडाला, पण अर्धे फुटलेले दार तसेच टाकून. कावळा लगेच ढोलीच्या तोंडाशी आला.

"वहिनी, जरा सरकता का? मदत करतो."

"कर की. डोकं आत घाल."

त्याने घातले. मादीने अशी चोच हाणली की कपाळ फुटून तो केकाटत पळाला.

थोड्या वेळाने नर परतला. "पडलेल्या एकाही बुंध्यावर चुना नाही. सगळी सुबाभूळ आहे. पट्टा राखायच्या झाडांना मारलाय."

"आणि तुमचे हितचिंतक अंडी बघायला येऊन गेले," मादी म्हणाली. "दार तुम्हीच उघडून दिलं होतंत."

नराने मान खाली घातली. मग विचारले, "उंबरं आणू?"

"उंबरं राहू द्या. चिखल आणा, चांगला ओला."

तात्पर्य : संशय जरूर घ्यावा, पण कुऱ्हाडवाल्याच्या आधी बातमी आणणाऱ्याचा घ्यावा, आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपले दार आपणच फोडू नये.