तांडेलाची शिवण

दोष तांडेलाचा होता, होडीच्या म्होरक्याचा. आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी सगळे मिळून समुद्राला नावं ठेवतात.

फार मागची गोष्ट. तेव्हा समुद्राकाठच्या एका गावात होडीला खिळा ठोकत नसत. फळ्यांना भोकं पाडायची, काथ्याच्या दोरीने फळीला फळी शिवायची. खारं पाणी काथ्या खातं. म्हणून दर वर्षी जुनी शिवण उसवून नवी घालायची.

तांडेलाचा बाप तसं करायचा. बाप गेला आणि तांडेलाने नवीच रीत काढली. वाडवडिलांची शिवण उसवायची नाही, तिला तेल आणि कुंकू लावायचं. गावातल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागतं?

दोन वर्षं गेली, तांडेलाचा मुलगा मोठा झाला. त्या वर्षी होडी तो एकटाच नेणार होता. त्याने शिवणीवरून बोट फिरवलं.

"आबा, काथ्याचा भुगा होतोय. उसवू या."

"होडीचं वय काय, तुझं काय? शिवणीला हात लावशील तर हात झडेल."

"आजोबा लावायचे की!"

"त्यांचा हात वेगळा होता."

"मग मला शिकवा. नाहीतर पलीकडच्या गावात जाऊन शिकून येतो. आठ दिवस द्या."

"पलीकडच्यांकडून? त्यापेक्षा माझं नाक काप आणि त्यांच्या दारात टांग!"

काठावर बसलेले म्हातारे खो खो हसले. एक म्हणाला, "पोरगं पाण्याला भ्यालं रे! चुलीपाशी बसवा त्याला, बांगडे तळेल."

मुलाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग होडी पाण्यात ढकलली.

खडकांच्या पलीकडे पहिली मोठी लाट आली आणि होडी उकलली. काठावरून सगळ्यांना दिसलं. दुसऱ्या होड्या पोहोचेपर्यंत तिथे नुसतं पाणी होतं.

संध्याकाळी फळ्या काठाला लागल्या. एकही मोडली नव्हती. सगळ्या धड, सगळ्या सुट्या.

"समुद्राची मर्जी," म्हातारे म्हणाले.

तांडेल वाळूत बसला. दोन फळ्या त्याने एकमेकींना लावल्या, काथ्या हातात घेतला. पहिला टाका कुठल्या भोकातून घ्यायचा, ते त्याला कळेना. त्याने पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

"मला हे कधी आलंच नाही," तो म्हणाला. "बाप शिकवायचा तेव्हा मी पळून जायचो. मग सांगायची लाज वाटली."

बाजूचा म्हातारा खाली बघत पुटपुटला, "आम्हाला तरी कुठं येतं!"

हे त्यांनी सकाळी सांगितलं असतं तरी चाललं असतं.

पोरांनो, म्हाताऱ्यांनो, ऐका: जे आपल्याला जोडता येत नाही त्याला कुंकू लावून ते जोडलेलं राहत नाही.

तांडेलाला एकच मुलगा होता. तो गेला.