सुनेचं कडवं

एका गावात एक गाणारं घर होतं. सासरा तुणतुणं घेऊन पुढे गाई, मुलगे मागे संबळ आणि झांजा वाजवत. दर जत्रेला देवळापुढे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं गाणं होई.

त्या गाण्याची एक रीत होती. जो नव्याने पुढे उभा राहील, त्याने आपलं एक कडवं जोडायचं. मागच्यांनी 'जी जी रं जी' करत झील धरली, तर ते कडवं गाण्यात राहायचं. नाही धरली, तर त्याने मागे सरायचं.

एका वर्षी सासऱ्याचा आवाज कायमचा बसला. मुलांचे हात चालत, पण गळा कुणालाच नव्हता. गळा होता फक्त थोरल्या सुनेला. तिलाही मागे सरावं लागलं, तर गाणंच संपणार होतं.

सुनेने खपून कडवं रचलं. रत्नांचा महाल काय, हिऱ्यांची राणी काय! घरी म्हणून दाखवलं, तर मागे कुणी झील धरेना.

"अहो भावजी, झील धरा ना!"

"कशी धरू वहिनी?" धाकटा दीर म्हणाला. "महालात शिरायचं म्हणजे पाय धुवायला हवेत. आत्ताच गोठ्यातून आलोय!"

सून हिरमुसली. पण तिला एक कोडंच पडलं. तिने सासऱ्याला विचारलं, "मामंजी, गाण्यातलं ते शेळीचं कडवं किती साधं! मग ते टिकलं कसं?"

सासरा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माझ्या आज्याच्या मुंडावळ्या शेळीनं खाल्ल्या, ऐन लग्नात. जन्मभर लाजायचा बिचारा."

"आणि मिठाच्या गोणीचं?"

"माझ्या बापाचं. बैल ओढ्यात बसला, सगळं मीठ विरघळलं. घरी काय सांगू म्हणून वेशीवरच बसून राहिला."

"मग भुताला भिऊन पळाला, तो कोण?"

"कोण म्हणजे? मीच की! ते भूत नव्हतं गं, वाळत घातलेलं धोतर होतं."

सून खळखळून हसली आणि हसता हसता थबकली. म्हणजे जे लपवावंसं वाटलं, तेच सगळ्यांनी गायलं होतं! आपल्याकडेही तसं एक होतं. पण गावातल्या बायका काय म्हणतील?

जत्रेत ती उभी राहिली. महाल ओठांवर आला होता, तो तिने गिळला आणि ती गायली,

"निजलं माझं तान्हं, माझा डोळा लागंना,
नाकाशी धरते बोट, त्याबिगर ऱ्हावंना."

मागून दिराने सूर उचलला, "जी जी रं जी!" समोरची एक म्हातारी बाई शेजारणीला म्हणाली, "अगं बाई, श्वास चालतोय का म्हणून मी तर चिमटा काढून बघायची! मग पोर भोकाड पसरायचं." बायका हसल्या, डोळे पुसू लागल्या, आणि झील त्यांनीही धरली.

सून पुढेच उभी राहिली. गाणं पुढे चाललं.

तात्पर्य: उसन्या थाटाकडे लोक नुसतं बघतात, पण जो आपलं खरं सांगायला लाजत नाही, त्याच्या सुरात सूर मिसळतात.