बाविसावा फ्यूज

"...मग फ्यूजच्या जागी सरळ तारच टाकली तर काय बिघडतंय, उस्ताद?"

भूपालनं विचारलं आणि तांब्याच्या तारेचा बोटभर तुकडा पुढं केला.

दस्तगीर उस्तादांनी तो हातात घेतला नाही. मिरजेत याच लिंबाखाली गाड्यांचं वायरिंग करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. आता गुडघे गेले होते आणि कामही जवळजवळ सुटलं होतं. ते बुंध्याला टेकून उभे होते, कारण त्यांच्या एकुलत्या एका खुर्चीत मांजर झोपलं होतं.

"काय बी बिघडत न्हाई," उस्ताद म्हणाले. "गाडी चालंल. कुठवर, ते मात्र मला विचारू नको."

भूपालनं तार खिशात टाकली...

चार वर्षांपूर्वी तो, उस्तादांचा शागीर्द, याच लिंबाखालून उठून गेला होता. "उस्ताद काम थोडं करतात आणि बसतात फार," असं गावभर सांगत त्यानं जयसिंगपूरला स्वतःचं दुकान थाटलं. काचेचं दार, वर नावाची पाटी. हात चांगला होता, तोंड त्याहून चांगलं चालायचं. आणि आता एका वडापच्या जीपनं, गावोगावची माणसं भरून नेणाऱ्या त्या खटाऱ्यानं, तीन दिवसांत त्याच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. ती जीप घेऊनच तो आला होता.

तिच्यात टेप त्यानंच बसवला होता. मागच्या बाकाखाली अँप्लिफायर, समोरून तिथवर करंट नेणारी लाल तार, सगळं त्याच्याच हातचं. दुकानात टेप असा दणक्यात वाजायचा की शेजारी भांडायला यायचे. जीप फेरीला निघाली की थोड्याच वेळात फ्यूज उडायचा आणि टेप मुका.

"किती उडाले?"

"एकवीस."

"काय काय बघितलास?"

"टेप बदलला. स्पीकर बदललं. बटणं, बॅटरी... समदं मीटर लावून बघितलं. रिकामी गाडी घेऊन खड्ड्याखड्ड्यातनं हिंडलो. तवा एक बी उडाला न्हाई."

"मागची लाल तार?"

"ती माझ्या हातची हाय, उस्ताद. तिला काय हुतंय?"



मांजरानं कूस बदलली.

"चारला गाडी सुटणार," भूपाल म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "चौदा माणसं. त्यात निम्मी शाळेची पोरं. ड्रायव्हर म्हणतोय, गाणं न्हाई तर माणसं दुसऱ्या जीपला जात्यात. तार टाक, न्हाईतर मी टाकतो म्हणतोय."

फ्यूजच्या जागी तार टाकणं म्हणजे काय, हे भूपालला कळत नव्हतं असं नाही. फ्यूज जळतो तो गाडी जळू नये म्हणून. तोच काढून टाकला की जळायला गाडीच उरते. हे त्याला याच लिंबाखाली शिकवलं होतं. पण माणूस फार दमला की त्याला अक्कल सुचत नाही, नुसती सुटका सुचते. उस्ताद एकदा "टाक" म्हणाले असते, तर पुढं काही झालं तरी भीतीचं ओझं त्याला एकट्याला वाहावं लागलं नसतं. तो खरं तर तेवढ्यासाठीच आला होता.

"फ्यूज हाय का एखादा?" उस्तादांनी विचारलं.

"शेवटचा."

"लाव. आन् टेप चालू कर."

टेप सुरू झाला. लिंबावरचे कावळे उडाले, मांजर मात्र उठलं नाही.

उस्तादांनी खुर्चीकडं पाहिलं. मांजराकडं पाहिलं. मग जीपचं मागचं दार धरून कण्हत कण्हत वर चढले, बाकावर बसले आणि डोळे मिटून घेतले. त्यांचं वजन ते किती! बाक दबलासुद्धा नाही.

भूपालला हसावं की रडावं कळेना. उस्ताद संपले, असं त्याला वाटलं, आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

गाणं वाजतच राहिलं...

"उस्ताद, तीन वाजून गेले."

"ये. बस."

"बसायला येळ कुठं हाय?"

"बस रे."

चार वर्षांपूर्वी तो बसला नसता. आता वाद घालायलाही अंगात जीव नव्हता. तो चढला आणि उस्तादांच्या शेजारी धपकन बसला.

टेप बंद पडला.

खालून करपल्याचा बारीक वास आला.

भूपाल उठला. बाविसावा फ्यूज जळाला होता. त्यानं उस्तादांना हात धरून खाली उतरवलं आणि बाक उचलला.

लाल तार बाकाच्या स्प्रिंगखालून गेली होती. वर माणसाचा भार आला की स्प्रिंग खाली दबायची आणि तिचं लोखंड तारेला घासायचं. घासून घासून तारेची साल निघाली होती, आत तांबं चकाकत होतं. लोखंड त्या उघड्या तांब्याला टेकलं की शॉर्ट होऊन फ्यूज उडायचा. माणूस उठला की स्प्रिंग पुन्हा वर, जसं काही घडलंच नाही. तेवढ्या जागी बाकातला काथ्या जळून काळा पडला होता.

भूपालचा हात खिशाकडं गेला. तारेचा तुकडा तिथंच होता. तो फ्यूजच्या जागी असता, तर काथ्या नुसता काळा पडून थांबला नसता. चौदा माणसं. निम्मी पोरं. त्यानं खिशातली तार काढली, दुमडली, पुन्हा दुमडली आणि ती मोडेपर्यंत दुमडत राहिला.

"उस्ताद," तो म्हणाला, "तुमाला बसायच्या आधीच कळलं हुतं, न्हवं?"

उस्ताद जीपला टेकून गुडघे चोळत होते.

"छे. मी दमलो हुतो, म्हणून बसलो."

मग त्यांनी भूपालकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं...

"तू तर तीन दिस दमला हुतास. उभा कशाला ऱ्हायलास?"