सावरमाळची सांजहाक

सावरमाळच्या टेकडीवर रवळनाथाचे देऊळ आहे. त्याला कळस नाही. शिखर चढत चढत जाते आणि माथ्याशी एकाएकी थांबते, जसे कुणी बोलता बोलता उठून जावे. कळसाचा भलामोठा दगड पायथ्याशी चिंचेखाली पडलेला आहे, आणि पोरांनी घसरून घसरून तो आरशासारखा गुळगुळीत केला आहे.

पाहुणे एकदा वर बघतात, एकदा खाली बघतात आणि विचारतात, "पैसे कमी पडले का हो?"

म्हातारे सटवा गुरव मिशीत हसतात. "पैसं न्हाई कमी पडलं, पाव्हणं. भूक जास्त झाली." मग पाहुण्यांना त्याच दगडावर बसवून ते सांगू लागतात.

फार मागे, म्हणे, सावरमाळात गुरांना रोग आला. गोठे रिकामे पडू लागले. तेव्हा गावचा पाटील रायाजी देवापुढे आडवा पडला आणि नवस बोलला: गुरे वाचव, तुला दगडी देऊळ बांधतो, आणि त्यावर कळस चढेपर्यंत गावातला एकही गडी घरी जेवणार नाही. गुरे वाचली. नवस एकट्या पाटलाने बोलला होता; फेडायला मात्र सारा गाव लागला.

गडी टेकडीवर राहायला गेले. तिथेच दगड फोडायचे, तिथेच निजायचे. बायकांनी दिवसभर शेते कसायची, सांजेला भाकरीच्या टोपल्या चिंचेखाली ठेवायच्या आणि मागे न बघता घरी परतायचे. वरचे गडी खाली उतरायचे ते त्या गेल्यावर. गावातले पंच मात्र आपापल्या घरी जेवत. त्यांना टेकडी चढवत नव्हती, असे सांगतात. पाटील तेवढा आपल्या शब्दाला जागला. तोही वरच थंडगार भाकरी खाई.

गाभारा झाला तेव्हा पंच म्हणाले, मंडप हवा. मंडप झाला तेव्हा म्हणाले, शिखर शेजारच्या गावापेक्षा उंच हवे. खाली बसून वर बोट दाखवायला काय जाते?

जोती पाथरवट टेकडीवर गेला तेव्हा त्याची मुलगी ठकी पाळण्यात होती. आता तिचे पुढचे दात पडले होते. जोतीची बायको भिवरा रोज तिला आधी काखोटीला मारून, ती मोठी झाल्यावर बोटाला धरून चिंचेपर्यंत येई. एकदा पोरीने विचारले, "आई, बा म्हंजी काय असतं गं?"

भिवरा म्हणाली, "आपली टोपली रिकामी करतो त्यो."

म्हणाली खरी, पण त्या रात्री तिने आपली भाकरी तशीच झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पंचांपुढे जाऊन उभी राहिली.

"एक दिस आमी तिघांनी एका ताटात जेवायचं. एवढंच मागते."

"पोरी, देवाच्या कामात पोटाचं काढू नये."

"मग देवाला निवद कशाला दाखवताय?"

पंच खवळले. हिचे तोंड फार चालते, असे त्यांचे मत पडले. पण ठकीचा बाप टेकडीवरच म्हातारा होणार की काय, या प्रश्नावर एकाचेही मत पडले नाही.

अखेर कळसाचा दगड घडवून तयार झाला. तो इतका मोठा होता की नुसत्या गड्यांनी हलेना. मग बायकांना बोलावणे आले. उतारावर ओंडके अंथरले, दगडाला वाखाचा जाड दोर बांधला आणि सारे गाव ओढू लागले. दगडाच्या मागे, खालच्या अंगाला, जोती पाचर घेऊन उभा होता. दगड हातभर वर सरकला की त्याने मागून पाचर ठोकायची, म्हणजे दगड परत घसरणार नाही. ठकीला चिंचेच्या पलीकडे म्हातारीकोतारी माणसे धरून बसली होती.

दिवस कलला. दगड अर्ध्या वाटेवर आला आणि दोराचा एक पेड तटकन तुटला. दगड मागे कलला. पाचर सरकू लागली. जोतीने पाचरीला खांदा लावला.

"पाचर सोडशील तर खबरदार!" पाटील वरून गरजला. "नवस मोडंल!"

दुसरा पेड तुटला. जोती हलला नाही. इतक्या वर्षांत त्या माणसाला हुकमाशिवाय दुसरे काही ऐकायची सवयच राहिली नव्हती.

भिवराच्या ध्यानात आले की आता आरडून उपयोग नाही. पळा म्हटले तर तो पळणार नव्हता. तिने दोर सोडला, वाटेच्या कडेला उभी राहिली, पदर खोचला, आणि रोज सांजेला ओठांवर येऊन परत गिळलेली हाक छाती भरून मारली.

"ठकीच्या बा! जेवाय चला! भाकरी निवतीया!"

जोतीने मान वर केली. आणि जेवायला बोलावल्यावर कुणीही हातातले टाकून उठतो, अगदी तसा तो सहज बाजूला झाला.

दोर तुटला. दगड घडघडत खाली गेला, ओंडके उधळले, धुरळा उठला. धुरळा बसला तेव्हा दगड चिंचेच्या बुंध्याला टेकून निवांत पडला होता. ना कुणाला खरचटले, ना चिंचेची फांदी मोडली.

पंच धावत आले. हो, त्या दिवशी त्यांना टेकडी चढवली. "हिनं नवस मोडला! हिला गावाभाईर काढा!"

"देवाला इचारा," भिवरा म्हणाली. "इतक्या वर्षांत त्याला कुणी इचारलंय का?"

विचारले नव्हते. मग देवाला कौल लावला. आमच्याकडे कौल लावायचा म्हणजे देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाचे कळे पाण्याने चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवा कळा पडला तर देवाचा होकार.

पाटलाने विचारले, हिला बाहेर काढू का? कळा हलला नाही. दगड परत ओढू का? हलला नाही. नवस दुप्पट करू का? देव तसाच बघत राहिला. पाटलाचे प्रश्न संपले. तेव्हा भिवरा उंबऱ्याशी येऊन म्हणाली, "देवा, गाव भुकेलं हाय. घरी जाऊन जेवू का?"

उजवीकडचे सगळेच्या सगळे कळे खाली आले, असे सांगतात. देव बिचारा त्याच प्रश्नाची वाट बघत असावा.

गावाने जो जल्लोष केला, त्याने म्हणे पलीकडच्या खोऱ्यातली पाखरे उडाली. गडी उतारावरून धावत सुटले. पण भिवराला घरापर्यंत दम निघेना. तिने त्या दगडावरच टोपली उघडली. नाचणीची भाकरी, मिरचीचा खर्डा, एक कांदा. ठकी समोरच्या माणसाला निरखत राहिली. भाकरीचा करपलेला पापुद्रा तिला फार आवडे. तिने हात घातला, तर त्या माणसाचाही हात तिथेच.

"ह्यो माझा हाय!" ठकी ओरडली.

"तुझा कसा? माझी आईबी मलाच द्यायची."

दोघांनी ओढला, पापुद्रा मधोमध तुटला, ठकी मागच्या मागे घसरली ती थेट दगडाच्या पायथ्याशी. रडणार म्हणून भिवरा उठली. ठकी खदखदा हसत होती. "बा, आनी एकदा!" म्हणत ती परत वर चढली. मग तिच्यामागे गावची सारी पोरे चढली.

रायाजी पाटील वर एकटाच देवळाच्या पायरीवर बसून होता. शेवटी त्याची म्हातारी दगडावर चढली, आणि जन्मात कधी आवाज न चढवलेली ती बाई टेकडीकडे बघून ओरडली, "भैरूच्या बा! आता येताय का मी जेवू?"

पाटील उठला. उतरताना तो डोळे पुसत होता असे कुणी म्हणतात, हसत होता असे कुणी. घरी मात्र त्याने दोनदा आमटी मागून घेतली, याबद्दल गावात दुमत नाही.

मध्यंतरी शहरातल्या एका भक्ताने क्रेन आणून कळस चढवून देतो म्हटले. कौल लावला. कळा हलला नाही.

आजही सावरमाळात दिवस मावळला की एका घरची बाई या दगडावर उभी राहून हाक देते. आज या घरची, उद्या पुढच्या घरची. हाक आली की नांगर थांबतो, मोबाइल खाली ठेवतात, भांडण अर्धे टाकतात. देवाची आरतीसुद्धा जेवणे झाल्यावर. गोष्ट इथवर आली की गुरवही बोलायचे थांबतात, कारण तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडते, "जेवाय चला! भाकरी निवतीया!"

गुरव काठी टेकत उठतात आणि पाहुण्यांना म्हणतात, "उठा की. हाक तुमास्नीबी हाय."